मावशीच्या नावाचं कार्ड

मावशी गेल्यानंतरही लालबागच्या आमच्या चाळीत दिवसातून दोन-चारदा तिचं पूर्ण नाव घेतलं जायचं.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, कायम गावीच राहिलेली. तिकडच्या ग्रामीण बँकेच्या कर्जावर तिने मसाला कुटायचा डंख घेतला, तेव्हा घरातल्या शहाण्यांनी नाकं मुरडली होती. पुढे तिच्या मसाल्यावर तेच तुटून पडले. मुंबईतली विक्री आमच्या खोलीतून व्हायची. पैसे घ्यायचं क्यूआर कार्ड बँकेच्या मॅनेजरनेच तिला करून दिलं. विक्री खात्यात दिसली की जास्त कर्ज देता येईल, असं त्याने तिला समजावलं, आणि पुढच्या वर्षी दिलंही. ते कार्ड आमच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं होतं.

थंडीत मावशी गेली. मसाल्याची पाकिटं मागे उरली. गिऱ्हाईक कार्डासमोर मोबाईल धरायचं, पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि विचारायचं, "हेच ना?" आई आतून म्हणायची, "होय, तेच." ओट्यापाशी उभी असताना मागून मावशीचं नाव ऐकलं की मी दचकून वळून बघायचे. आई मात्र त्या आवाजाची वाट बघायची. एखादी दुपार गिऱ्हाइकाविना गेली की तिला चैन पडत नसे.

बँकेला अजून रीतसर कळवलं नव्हतं. मॅनेजर बाराव्याला जेवून गेला होता, म्हणजे त्याला ठाऊक होतंच. निघताना मावशीच्या लेकीला तो एवढंच म्हणाला, "मिरचीच्या हंगामाआधी या. आईचं खातं बंद करू आणि तुमच्या नावाने नवं कर्ज बघू." पण ती माझ्या आईच्या शब्दाबाहेर नाही. तिने आईला फोन केला.

"मावशी, मिरची इली. आता नाय घेतलंय तर वरीस फुकट जातला. बँकेत जाव काय?"

खातं बंद म्हणजे कार्डावरचं नावही बंद, म्हणून आई नुसतं "बघूया" म्हणाली. माझं डोकंच फिरलं. "अगं, डंख बंद पडला तर ती काय खाणार? नाव?" बोलून गेले आणि मीच हबकले.

आईने चौकटीवरच्या कार्डाकडे एकदा पाहिलं. मग फोनवर म्हणाली, "जा गो बाय. सांग तेंका, ताई गेली म्हणान."

नव्या मसाल्याच्या गोणीबरोबर लेकीच्या नावाचं कार्ड आलं. मी जुनं सोलून काढलं आणि नवं चिकटवलं. आईने जुनं कार्ड पदराने पुसलं.

"ह्येच्यावर एक रुपयो घाल बघू."

मी मोबाईल धरला. खातं बंद असल्याचं आलं. नाव आलंच नाही.

"नीट धर."

पुन्हा धरला. नाही.

आईने मोबाईल माझ्या हातातून घेतला, पडद्याकडे पाहिलं आणि मावशीचं पूर्ण नाव स्वतःच मोठ्याने घेतलं. जन्मात तिने बहिणीला ताईखेरीज दुसरी हाक मारली नव्हती. मला रडू आवरेना.