बसून थांबायची सोय नाही

“बेन, ऊभा रहो,” कंडक्टर म्हणाला, आणि वंदना सीटवरून उठून उभी राहिली.

स्टेशनवरून साड्यांच्या दुकानांच्या कॉम्प्लेक्सला जाणारी आमची बस. ती मराठवाड्यातून नुकतीच सुरतेत आलेली, साडीच्या दुकानातला पहिला दिवस. “कॉम्प्लेक्स आलं का?” एवढंच तिने विचारलं होतं.

ही आपली दांडा धरून उभी. कंडक्टर बुचकळ्यात. “बेन, बेसो ने.”

शेवटी मी तिचा पदर ओढला. “अहो, ऊभा रहो म्हणजे थांबा. बसा खाली.”

“मग थांबा म्हणावं की,” ती बसत म्हणाली. “बसलेल्या माणसाला उठवायचं कशाला?”

तिथून आमची मैत्री, पुढे वीस वर्षं.

आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून हे लिहिते आहे.

मी त्याच कॉम्प्लेक्समध्ये बिलिंगला. मला खुर्ची आहे. तिला नव्हती. सेल्सगर्लने कस्टमरसमोर बसायचं नाही, कस्टमर नसला तरी बसायचं नाही. तो येईल म्हणून उभं राहायचं.

“बघ,” ती म्हणायची, “इथं थांबायचं बी उभं राहूनच. बसून थांबायची सोयच नाही.”

संध्याकाळी बसमध्ये चढली की खिडकीची सीट. चप्पल काढायची, पाय वर घ्यायची, पोटऱ्या दाबत बसायची. निळ्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या.

“बसमधी बसायला मिळतं म्हणून नोकरी करते मी,” म्हणायची. आणि स्वतःच हसायची.

गेल्या लग्नसराईत डावा पाय सुजला. दाखव म्हटलं. “सीझन होऊ दे,” म्हणाली. मी रोज म्हणत होते, ती रोज तेच सांगत होती.

सीझन पुरा झालाच नाही. पायात रक्त साकळलं होतं, ते वर गेलं, असं डॉक्टर म्हणाले. सगळं एका सकाळीच संपलं.

बस चालूच आहे. कंडक्टर बदलला.

आणि वंदनाच्या जागी, त्याच दुकानात, त्याच काउंटरमागे आता तिची लेक पूजा उभी असते. कॉलेज सुटलं. बापाचा कापडाचा लूम कधी चालू, कधी बंद. दुसरं कोण जाणार होतं?

आम्ही एकाच बसने जातो-येतो. शेजारची सीट मी पर्स ठेवून धरते. ती बसत नाही. ती आईची जागा आहे म्हणून असेल, मी विचारलं नाही.

“ना मासी, मने फावशे.” मला जमेल, म्हणते.

दिवसभर उभी, आणि परतताना दांडा धरून पुन्हा उभी.

एकदा तिला तिच्या आईचा पहिल्या दिवसाचा किस्सा सांगितला. पोर सुरतेतच, गुजरातीत वाढलेली. माझ्याकडे बघत राहिली.

“पण मासी, यात हसायचं काय? ऊभा रहो एटले ऊभा रहो.”

आता तो किस्सा सांगावा असं माझ्याकडे कोणी उरलं नाही.

काल ती उतरताना तिच्या पायांकडे नजर गेली. डाव्या घोट्यावर सँडलचा पट्टा रुतला होता.

वंदना, तुला काय सांगू? तू निवांत राहा, एवढंच. तिकडे तरी बसायला मिळालं असेल.

पूजा, तू हे वाचशील. फावशे म्हणशील, तेही माहीत आहे.

तरी उद्या, एवढ्या स्टेशनपर्यंत, माझ्या शेजारी बस.