खिळ्यावरचा नमुना

सुरक्षा कंपनीच्या शस्त्रखोलीत बसणाऱ्या माणसाला सगळे पहारेकरी मास्तर म्हणतात. शाळेशी मास्तरांचं विद्यार्थी म्हणूनही फारसं जमलं नव्हतं. पण पिस्तुलांच्या स्प्रिंगा ते पास-नापास करतात, तेवढ्यावर पदवी चिकटली. पिस्तुलं मास्तरांच्या लग्नाच्याही आधीची. त्या मानाने लग्न बरं टिकलं, असं ते म्हणतात, बायको जवळपास नसताना.

तपासायची रीत सोपी. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, झटक्याने मागे जाते आणि नळीखालची स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते. वापरून वापरून ही स्प्रिंग आखडत जाते. म्हणून खिळ्याला एक कोरी स्प्रिंग नमुना म्हणून टांगलेली. पिस्तुलातली काढायची, पुसायची, नमुन्याशेजारी धरायची. बोटाच्या पेराएवढी आखूड भरली तर नापास. गेली कित्येक वर्षं जवळजवळ सगळ्या पास होत होत्या, आणि त्याचं श्रेय मास्तर आपल्या तेलपाण्याला देत.

मग सरावाच्या मैदानावर जावयाचं पिस्तूल अडकलं. जावई याच कंपनीत पहारेकरी, मास्तरांनीच चिकटवलेला.

"मामा, तुमचं पिस्तूल रुसलं. स्लाइड मागे गेली ती परत येताना अर्ध्यातच थांबली."

"रुसायचं काम जावयाचं. पिस्तुलाचं नाही."

स्प्रिंग काढून पाहिली तर नमुन्याला तंतोतंत. संध्याकाळी मुलगी घरी येऊन बसली. "बाबा, खरोखरची वेळ आली असती तर?" मास्तरांनी चहा ढवळला. त्यात साखर नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाट उपसलं. तळाशी मेणकागदात गुंडाळलेली एक स्प्रिंग निघाली, कधीच न वापरलेली. खिळ्यावरच्या नमुन्याहून ती चांगली दीड पेर लांब भरली.  मास्तरांच्या आधीच्या माणसाने कधीतरी अडीअडचणीला नमुनाच पिस्तुलात घातला असणार आणि काढलेली झिजलेली स्प्रिंग तात्पुरती खिळ्याला अडकवली असणार. मास्तरांची सगळी नोकरी त्या तात्पुरत्यात गेली होती.

नवी स्प्रिंग शेजारी धरून पाहिली, तर यच्चयावत पिस्तुलं नापास. ते साहेबांकडे गेले.

"कालपर्यंत पास होती ना? मग बदललं काय?"

"नमुना, साहेब."

"म्हणजे बिघाड नमुन्यात आहे."

"नव्या स्प्रिंगा मागवायला हव्यात."

"ही पिस्तुलं आता कोणी बनवत नाही, स्प्रिंगा कोण बनवणार? ओढून लांब करा."

"ओढलेली स्प्रिंग फक्त तपासणीपुरती लांब राहते, साहेब."

"मग? तपासणीच तर आहे."

मास्तर परत आले आणि ती एकुलती एक कोरी स्प्रिंग एका पिस्तुलात बसवली. पिस्तुलं खिडकीतून एक मदतनीस रांगेने वाटतो. आवडनिवड चालत नाही. जावई रोज सगळ्यांत शेवटी उगवतो. मास्तरांनी ते पिस्तूल शेवटी ठेवलं आणि हात धुवायला गेले.

परत येऊन पाहतात तो जावई खिडकीपाशी पट्टा आवळत उभा.

"तुम्ही? एवढ्या लवकर?"

"तुमच्या लेकीने ढकलून बाहेर काढलं. म्हणाली, वेळेवर जा, आधीच अपशकून झालाय."

मास्तरांनी वाटप करणाऱ्याकडे पाहिलं. "यांचं जरा बदलून दे."

"मास्तर, कमरेला लागलं की परत जमा होईपर्यंत बदलत नाही. नियम तुमचाच आहे."

होता खरा. शेवटचं पिस्तूल एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याने नेलं. त्याची नेमणूक मागच्या फाटकावर, जिथून कचऱ्याच्या गाडीशिवाय काही येत नाही.

"उद्या उशिरा या," मास्तर जावयाला हळूच म्हणाले.

"आता कुठला उशीर? साहेबांनी शेवटची ताकीद दिलीय." त्याने कमरेवर थाप मारली. "हे तुम्ही तपासलंय ना?"

"तपासलंय."

"मग झालं तर."

तो गेला. मास्तर आत जाऊन बसले. दुरुस्तीला आलेल्या पिस्तुलातली स्प्रिंग काढली, पुसली, सवयीने खिळ्यावरच्या नमुन्याशेजारी धरली. बरोबरीची भरली.