चौथी शक्यता

पार्ल्याला आमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या बाई शाळेत गणित शिकवायच्या. विषय रंगला की त्या उठून उभ्या राहत आणि पदर खोचत.

एकदा आम्हा तीन भावंडांत कसोटी सामन्याचा एकच पास आला. दादाने दोन नाणी काढली. मला म्हणाला, "दोन्ही छापे आले तर पास माझा, दोन्ही काटे आले तर ताईचा. एक छापा, एक काटा आला तर तुझा."

बाई दारातून म्हणाल्या, "थांब रे. आधी काय काय होऊ शकतं ते सगळं मांड."

त्यांनी एका नाण्याला कुंकू लावलं, दुसऱ्याला हळद. "कुंकवाचा छापा, हळदीचा काटा. आता उलट कर. या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या ना? म्हणजे शक्यता चार, आणि त्यातल्या दोन एकट्या हिच्या," त्या माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. पदर केव्हाच खोचला गेला होता.

मग ती चौथी, उलटी शक्यता आली तर नाणी पुन्हा उडवायची, असं ठरलं. पहिल्यांदा नेमकी तीच आली. दुसऱ्यांदा पास ताईला गेला.

मला वाईटही वाटलं नाही. मी ती नाणी घेऊन खालच्या मैत्रिणीला दाखवायला धावत सुटले. मागे बाई दादाला सांगत होत्या, "पास कुणाला का मिळेना, हिला कळलं बघ."