बाईंच्या नंबरावर दुसरंच कोणी

हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं सगळे म्हणत. बाई म्हणत, राग आपल्या जागीच असतो, लोकच येऊन त्याला डिवचतात.

एकोणीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. आधी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतल्या. मग कॉम्प्युटर आले, तेव्हा वायर ओढण्यापासून सगळ्यांना उघडेल असं फोल्डर करण्यापर्यंत सारं त्या शिकल्या. तळमजल्यावर फोटो निघाला की वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या पडद्यावर दिसे.

त्या आठवड्यात मात्र फोटो कधी दिसत, कधी गायब. डॉक्टर पेशंटसमोरच फोनवर ओरडत, "बाई, झोपलात का खाली?" बाई पेन ड्राइव्ह घेऊन जिने चढत, दिवसातून वीस-वीस वेळा. गुरुवारी डॉक्टर म्हणाले, "वय झालं की यंत्रं झेपत नाहीत. तुमचा तरी काय दोष!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली येऊन त्यांनी रांग थांबवली. वायरी घट्ट बसवल्या, फोल्डरची परवानगी तपासली. सगळं ठीक. मग त्यांनी आपला कॉम्प्युटर चक्क बंद केला. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला घरासारखा एक नंबर असतो. त्या नंबराला हाक मारली की यंत्र ओ देतं. काउंटरवरच्या काकांना त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या कॉम्प्युटरवरून माझ्या नंबराला हाक मारा."

"ओ आली, बाई."

"कशी येईल? मी बंद केलाय!"

"चार वेळा हाक गेली, चारही वेळा ओ आली."

म्हणजे बाईंच्या नंबरावर दुसरंच कोणी ठाण मांडून बसलं होतं. सगळ्या वायरी जिथे एकत्र येत, त्या डबीतून बाई एकेक वायर उपसू लागल्या. सातवी निघाली आणि काका ओरडले, "आता गप्प झालं!"

ती वायर भिंतीवरून एक्स-रेच्या दारावर गेली होती, सोमवारी बसवलेल्या कॅमेऱ्यात. सुरक्षेसाठी, असं डॉक्टर म्हणाले होते. पण बाई चहाला किती मिनिटं गेल्या, हे सोमवारपासून त्यांना अचूक ठाऊक असे.

बाई तडक वर डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. पलंगावर प्लास्टरमधला पाय टांगून एक पेशंट पडला होता.

"तुमच्या कॅमेऱ्याला माझाच नंबर दिलाय. चार दिवस माझे फोटो तोच अडवत होता."

"बरं, मग द्या ना त्याला दुसरा नंबर. येतं ना तुम्हाला?"

"येतं. पण देणार नाही. माझ्यावर पाळत ठेवायची, आणि वाटही मीच करून द्यायची?"

"बाई, आवाज खाली."

"चार दिवस तुमचा आवाज वरून खाली येत होता. आज माझा वर आलाय."

पेशंट छताकडे बघत राहिला.

शनिवारी कॅमेरा बसवणारा आला, नंबर बदलून गेला. कॅमेऱ्याचं तोंड डॉक्टरांनी मुकाट्याने रस्त्याकडे फिरवून घेतलं. फोटो पुन्हा सुरळीत वर जाऊ लागले.

"झालं ना सगळं नीट? मग जेव आता," घरी नवरा म्हणाला.

"जेवते," बाई ताट ओढत म्हणाल्या. "पण डॉक्टर मला बोलले ते चारचौघांत. माफी मात्र एकांतातसुद्धा नाही."