मापाच्या खुर्च्या

"बाई, या पोरीले इथून उठवा."

संस्थेचे सचिव वर्गाच्या दारात उभे होते. बोट शेवंताकडे. शेवंता नववीतली, आमच्या बौद्ध वस्तीतली, पहिल्या रांगेत बसलेली.

"समोर काऊन बसवली?"

"वर्गात सगळ्यात बुटकी आहे, म्हणून."

"उंची पाहून बसवता का? घर पाहून बसवा. तपासणीले साहेब येऊन राह्यले दहा वाजता."

मी शेवंताला म्हणाले, "ऊठ."

ती उठली. दप्तर घेतलं आणि मागच्या भिंतीशी जमिनीवर जाऊन बसली. सवयीनं.

सिंदी रेल्वे या गावच्या त्या शाळेत ऐंशीच्या सुमारास नववीचा वाणिज्य विषयाचा वर्ग ऑफिससारखा करायचं ठरलं. मुलं शिकून ऑफिसात जाणार, तर टेबल-खुर्चीची सवय आत्तापासून हवी. काम माझ्याकडे आलं, कारण याद्या नीट करणारी मीच. प्रत्येकाचं टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप टेपनं घेतलं. अठ्ठावीस मुलं, अठ्ठावीस मापं. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, पाठीला आधार हवा, उजेड डावीकडून यावा. सुताराला मापं वाचून दाखवली. बुटक्या खुर्च्या पुढे, उंच मागे. मी स्वतः आंजीच्या शाळेत शिकले ती दाराशी, चपलांशेजारी पोतं टाकून. मला वाटायचं, लाकडाचं माप चुकलं नाही की झालं.

आणि त्या सकाळी पोरीला मीच उठवलं.

मग सचिवांनी स्वतःच वर्ग लावला. व्यापाऱ्यांची आणि मालगुजार जमीनदारांची मुलं पुढे. आमच्या वस्तीतली पाचही मागे जमिनीवर, टाटपट्टीवर. उरलेल्या पाच खुर्च्या साहेबांबरोबर येणाऱ्या पाहुण्यांना. सचिवांचा पुतण्या वर्गात सगळ्यात उंच. त्याला शेवंताच्या खुर्चीत बसवलं, तर गुडघे टेबलाच्या फळीत अडकले.

"काकाजी, पाय जाऊन नाई राह्यले."

"तिरपा बस."

कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. पाच पोरं जमिनीवर राहावीत म्हणून हा माणूस घरच्या पोराचे पाय मोडायला तयार होता.

मी यादी काढली.

चपराशी कानाशी आला. "चूप राहा नं बाई. नोकरी कच्ची हाये तुमची."

मी मापानुसार नावं वाचायला लागले. "शेवंता. पहिली खुर्ची."

ती हलली नाही. सचिवांकडे पाहत राहिली.

"बाई," सचिव हळू म्हणाले, "तुमचं कायम करायचं पत्र माझ्याच सहीसाठी थांबून हाये."

"थांबू द्या. शेवंता, चूक माझी झाली. ये, बस."

आधी पुतण्याच उठला. गुडघे चोळत मागे गेला. मग शेवंता आली. खुर्चीच्या कडेवर बसली, नंतर सरकून पाठ टेकवली. मी अठ्ठावीसही नावं वाचली. साहेब आले तेव्हा टाटपट्टीवर कोणी नव्हतं. पाहुणे उभेच राहिले.

सही झाली नाही. उन्हाळ्यात मला कमी केलं.

पुढे समुद्रपूरच्या एका शाळेत मुलाखत होती. हेडमास्तरांनी विचारलं, "तुमची काही अट?" मी घरून लिहून नेलेला कागद पुढे केला. वर्गात कोण कुठे बसेल ते मी ठरवीन. कोणालाही जमिनीवर बसवणार नाही, बसवू देणार नाही.

म्हटलं, "मान्य असेल तर खाली सही करा. नसेल तर आत्ताच सांगा, तीनची एसटी मिळते मला."