उसव म्हणाली ताई

माझी थोरली बहीण शिवणकाम करायची. लोकांना दाखवायला शाळेचे गणवेश, पण घर चालायचं ते कोटांवर. अस्तराच्या आत ती असा खिसा घालायची की चाचपून चाचपून हात दुखले तरी लागायचा नाही. तो कोट घालून आमचा धाकटा भाऊ सीमेपलीकडून सोनं आणायचा. सरकारने सोन्यावर जबर कर बसवला होता, म्हणून ते तिकडे स्वस्त नि इकडे महाग. "आपल्याला तीन भाव," ताई म्हणायची. "इकडचा, तिकडचा आणि धाकटा." मला नाही हसू यायचं. तो घरी येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, आणि हे मी दोघांना तोंडावर सांगायचे.

कुणी चुगली केलीच, तर दोघांचा एक शब्द ठरलेला होता: उसवलं. तो कानावर पडला की कोट टाकायचा आणि धूम ठोकायची.

त्या दुपारी मी काजं करत होते. रेडिओवर बातमी लागली, सोन्यावरचा कर आजपासून नावापुरताच. ताईचा पाय मशीनवर थांबला.

"अगं, मग आता चोरून आणण्यात राहिलं काय?" ती म्हणाली. "नाक्यावरच्या खिडकीत सांगून कर भरला तरी परवडेल. आणि हा गाढव कोट चढवून रांगेत उभा असेल."

न सांगता सापडला तर तुरुंग होताच, ती शिक्षा कुणी कमी केली नव्हती. त्याचा फोन बंद. आम्ही तशाच नाक्याकडे पळालो.

कठड्यापलीकडे तो दिसला, तपासणीच्या टेबलापाशी पोचतच आला होता. आमच्या शेजारी शिपाई उभा. उघड बोलायची सोय नव्हती. आता ताईचं सगळं आयुष्य शिवणात गेलेलं, काही चुकलं की आधी उसवायचं, एवढंच तिच्या डोक्यात. ती ओरडली, "अरे, उसव ते, आणि दाखव त्यांना!"

तेवढ्यात मागून ट्रकचा भोंगा वाजला. पुढचं गेलं वाऱ्यावर. त्याला ऐकू आलं ते फक्त पहिलं, 'उसव'.

त्याने कोट भिरकावला आणि तो पळाला. फाटकाशीच दोघा शिपायांनी त्याला लोळवलं. टेबलामागचा साहेब कोट उचलत म्हणाला, "खुळाच दिसतोय. आज तर कर भरून सुटला असता." माझा नुसता संताप झाला, कुणावर ते मला आजही सांगता येणार नाही.

तुरुंगात आम्ही पहिल्यांदा भेटीला गेलो तेव्हा तो जाळीला चिकटून उभा होता. "ताई, तू जिवावर उदार होऊन सांगायला आलीस," तो म्हणाला. "आता तेवढं नाव सांग. आपल्यावर उलटलं कोण?"

ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"कुणी नाही रे," ती म्हणाली. "कर कमी झाला होता."