मामाची अक्षत

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. जाऊ दे, तुम्ही हसणारच! चहा घ्या तेवढा, गार होतोय.

तर झालं काय, आमच्या मयुरीचं लग्न ठरलं आणि माझी झोप उडाली. मुळात मी विसरभोळा. बोईसरला कंपनीत निघालो की अर्ध्या वाटेतून डबा घ्यायला पामला घरी परत, डबा घेतला की स्कूटरची चावी घरात. अशा माणसानं मंडपवाला, आचारी, बँडवाला, आहेराच्या साड्या, हे सगळं डोक्यात ठेवायचं कसं? एका जागी बसवेना मला. येरझाऱ्या घालून घालून फरशी झिजवली म्हणा ना!

तेवढ्यात मोबाईलवर एक बुवा भेटला, स्मरणशक्ती वाढवणारा. म्हणे, जे लक्षात ठेवायचंय ते मनातल्या मनात आपल्या घरात एकेका जागी ठेवा. साधं नाही, चमत्कारिक ठेवा! त्याचा वास घ्या, आवाज ऐका, आणि रोज उठून मनानं घरभर फेरी मारा. मग जन्मात विसरणार नाही.

लागलो कामाला. आचारी बसवला देवघरात, बँडवाले कोंबले मोरीत, मंडपवाला कपाटात टांगला. आणि दामूदादा, म्हणजे आमच्या सुनंदाचा थोरला भाऊ, मुरबे गावात मासेमारीची बोट आहे त्याची, त्याला चढवला फ्रीजवर. पाय हलवत सुका बोंबील खातोय, मी त्याला अक्षत देतोय आणि तो म्हणतोय, "येनार नाय त काय, भावजी!"

दादाचं काम सगळ्यात मोठं. आमच्याकडे मामा आल्याशिवाय मुलीला हळद लागत नाही. आणि मामाला बोलवायचं म्हणजे मुलीच्या बापानं स्वतः त्याच्या दारी जाऊन अक्षत-सुपारी हातात द्यायची. फोन चालत नाही, पत्रिका पाठवलेली चालत नाही. म्हणून सुनंदानंही तारीख कळवल्यावर भावाला मुद्दाम पुन्हा फोन केला नव्हता, मान आधी पोचू दे म्हणून.

रोज दात घासताना मी मनानं घरभर फिरायचो. आणि काय सांगू, युक्ती लागू पडली हो! एक काम चुकेना. मी तर कॉलर ताठ करूनच फिरत होतो.

एक दिवस सुनंदानं विचारलं, "दादाला अक्षत दिलीत ना?"

"दिली!"

"काय म्हणाला?"

"खूश झाला. बोंबील खात होता."

"तो खातच असतो," ती म्हणाली. तिची खात्री पटली. माझीही!

उजाडला हळदीचा दिवस. मयुरी पाटावर बसलेली, बायका गाणी म्हणून म्हणून दमल्या, आणि दादाचा पत्ता नाही. शेवटी सुनंदानं फोन लावला. पलीकडून दादा म्हणाला, "अक्षत नाय आली त आमी कसं येऊ गं?"

मयुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं डोकंच फिरलं! शेजाऱ्याची कार मागितली आणि तडक मुरबे गाठलं.

दादा ओटीवर बसलेला. नवा सदरा, डोक्यावर टोपी, पायात कोऱ्या चपला. शेजारी मामी, ठेवणीतलं लुगडं नेसून. म्हणजे दोघं तयारच!

"यायचंच होतं, तर पोरीला रडवता कशाला?" मी उंबऱ्याबाहेरूनच ओरडलो.

"सकालपासून बसलोय, भावजी. अक्षत कुटं हाय?"

"दिली की तुम्हाला!"

"कवा?"

"दादा, वय झालं तुमचं. होतं असं. मला बघा, सगळं लख्ख आठवतं. मी विद्या शिकलोय त्याची, तुम्हालाही शिकवीन!"

एव्हाना जाळी शिवणारे दोघं-तिघं काम टाकून अंगणात आले होते.

"मंग सांगा, काय करत व्हतो मी?" दादानं विचारलं.

"सुका बोंबील खात होतात!"

दादा चपापला. बोंबलाला नाही कसं म्हणणार? मामीकडे वळून हळूच म्हणाला, "आयला, इसरलो का काय गं?"

मला आणखी चेव चढला. "पाय हलवत होतात! म्हणालात, येनार नाय त काय!"

"हां, बोलतो त मी तसाच." दादाचा चेहरा पडला. त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि तिच्याकडेच बघत बसला.

मामी मात्र हटेना. "कुटं बसून खात व्हते?"

"फ्रीजवर!"

बोललो आणि जीभ चावली.

"कुनाच्या फ्रीजवर?"

"आमच्या," मी म्हणालो. ओरडणारा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

अहो, मी मुरब्याला आलोच नव्हतो! दात घासता घासता अक्षत देऊन मोकळा झालो होतो. आणि त्या भल्या माणसाला त्याच्याच दारात, चार लोकांदेखत म्हातारा ठरवत होतो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

दादा रागावला असता तरी चाललं असतं. तो टोपी डोक्यावर चढवून खो खो हसत सुटला. "म्हंजे माजी अक्कल जाग्याव हाय! चला, द्या ती अक्षत."

खिसे चाचपले. भांडायच्या घाईत अक्षत घरीच राहिली होती! मामीनं आतून तांदूळ आणून हळदीत घोळले, दादानं स्वतःच्या पिशवीतली सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली आणि त्यांचंच त्यांना देऊन मी आवतण केलं.

मग एकच घाई! दादा पुढे बसला, मामीनं मागच्या सीटवर पिशवी ठेवली, दार धाडकन लागलं, मी गाडी सोडली ती थेट पाम. वाटभर दादाची चौकशी चालू. "बँडवाले मोरीत? मंडपवाला टांगला? आन मी फ्रीजवर! मान राखलात, भावजी."

दादाला बघून सुनंदानं डोळे पुसले. मयुरीला हळद लागली. मी मंडपात खुर्चीवर अंग टाकलं, तर सुनंदा समोर उभी. "वहिनी कुठाय?"

मागच्या सीटवर नुसती पिशवी.

तेवढ्यात फोन वाजला. मामी अगदी शांतपणे बोलत होती. "मी दाराला कडी घालाया गेले, त तुमी पलालात. आता माजी अक्षत येगली आना, भावजी. आन हे बगा, मनातल्या मनात नका येऊ. गाडी घेऊन या."